भरल्या नावेचा वारा

चष्मेवाला पोरगा पहिल्यांदा आमच्या पडवीत आला तेव्हा मी एका फाटक्या शिडाला ठिगळ लावत बसले होते. दारातूनच त्यानं विचारलं, “आजी, तांडेल सिस्टर्स इथंच राहतात ना?”

“इथं तांडेल राहतात,” मी म्हटलं. “सिस्टर्स पाहिजे तर सरकारी दवाखान्यात जा.”

पोरगा हसला नाही, घाबरला. अनुराग दामले नाव, राहणार पुणे. पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावरचा वारा बघायचं यंत्र तिथंच निघालं. ज्याच्या घरी विहीर नाही त्यालाच पाण्याची जास्त चौकशी.

तो ज्यांना शोधत आला होता त्या माझ्या दोन नाती. जुईली माझ्या लेकाची, काशिनाथची, थोरली. आर्वी माझ्या लेकीची, म्हणजे खरी तांडेल नव्हेच. पण आई-बाप बोटीवर नोकरीला, म्हणून रांगायची तेव्हापासून माझ्याकडे. दोघी मला बय म्हणतात. दोघी शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरतात, आणि आमच्या वावेबंदरात पेपरवाले येतात ते त्यांच्यामुळे. हे मी मोठेपणानं सांगते, कारण मोठेपणाच आहे.

अनुरागनं खाडीच्या तोंडापासून पार शर्यतीच्या क्लबापर्यंत पाण्यावर तरंगते खांब सोडले होते. त्यांचं काय काम ते तो सांगायला लागला. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण मासळी विकताना वकील, डाक्टर, सगळी गिऱ्हाइकं केली. शिकलेल्या माणसाच्या पोटातलं सोपं करून कसं काढून घ्यायचं ते मला येतं.

“हवेत बारीक धूळ असते, आजी, मिठाचे कण असतात. वारा त्यांना घेऊन फिरतो. खांबातून एक उजेडाची तिरीप निघते, आपल्या डोळ्यांना न दिसणारी. ती कणांवर आपटून परत येते. कण आपल्याकडे येत असला तर परतलेला उजेड जरासा बदललेला असतो, लांब जात असला तर वेगळा बदललेला.”

“एसटी हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढं गेली की बसका. तसं?”

“अगदी तसंच.”

“मग एसटीचंच सांगायचं ना आधी. धुळीत कशाला शिरलास?”

सगळ्या खांबांचं मिळून गणित होतं, आणि खाडीभरचा वारा त्याच्या त्या चष्म्यात रंगानं दिसतो. निळा म्हणजे जोराचा, पिवळा म्हणजे मंद, करडा म्हणजे मेलेला. आताचा तर दिसतोच, पुढच्या घटकेचाही दिसतो.

पारख केल्याशिवाय मी कुणाला चहा पाजत नाही. त्याला धक्क्यावर नेलं. पाण्यावरची काळपट लव बघितली, बगळे कुठल्या बाजूला तोंड करून बसलेत ते बघितलं, गावातल्या धुराकडे बघितलं आणि म्हटलं, आता वारा डोंगराच्या कोपऱ्यावरून उठेल. तो चष्म्यातून बघून म्हणाला, “नाही आजी, मधल्या खडकाकडून.”

मधल्या खडकाकडूनच उठला. मी त्याला चहा दिला. साखर कमी घातली.

असे चष्मे येण्याआधी शर्यत म्हणजे काय होती ते सांगायला हवं. एक पोरगी, एक शीड, एक सुकाणू. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, नागमोडी न्यावी लागते. डावीकडं वळायचं की उजवीकडं, यावर सगळा निकाल. सकाळी जमिनीवरून मतलई वाहते. ऊन तापलं की जमिनीवरची हवा वर चढते, मतलई मरते, आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. या अदलाबदलीच्या वेळी वाऱ्याच्या नुसत्या चिंध्या उरतात. जिला पुढची चिंधी आधी दिसली ती पुढं गेली. जुईलीला पाणी वाचता यायचं, आर्वीला आभाळ. रोज जेवताना दोघींचं भांडण. भाकरीच्या तुकड्यांच्या होड्या करायच्या, बोंबलाचा खडक करायचा, आणि “तू तिथं वळायलाच नको होतं” म्हणून एकमेकींची भाकरी खाऊन टाकायची.

शर्यतीतल्या सगळ्या पोरींना चष्मे मिळाले आणि भांडण थांबलं. कुठं वळायचं ते सगळ्यांनाच दिसत होतं, बोलणार काय? शेजारीण म्हणाली, बरं झालं गो, पोरी शहाण्या झाल्या. दोघी खाली बघून जेवायच्या आणि ताट उचलून जायच्या. मला त्या जेवणाचा कंटाळा आला. शिडं शिवायचाही आला. शर्यतीची शिडं आता साच्यातून निघतात, सुईला काम नाही. मी आपली ठिगळं लावते.

पण सगळ्यांना सगळं दिसलं म्हणून शर्यत संपत नाही, ती दुसऱ्या वाटेनं जाते. आभाळातला वारा सर्वांना सारखा कळला, तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच राहिला नाही. वेगळा असा एकच वारा उरला: दुसरीच्या शिडातला.

शीड वाऱ्यातला जोर काढून घेतं. मागं उरतो तो नुसता चोथा, आणि त्याचं शेपूट डोलकाठीच्या कितीतरी पट लांब पसरतं. त्या शेपटात दुसरी होडी सापडली की तिचं शीड लोळागोळा होतं. असं आडवं येणं शर्यतीत पहिल्यापासून चालत होतं, पण अंदाजानं. शेपूट कुठं पडलंय ते दिसायचं नाही. आता चष्म्यात ते करडं दिसायला लागलं, आणि घटकेनं कुठं पडेल तेही. पोरी वारा शोधायच्या बंद झाल्या आणि एकमेकींचा वारा काढायला शिकल्या. कायद्यात बसतं म्हणे. बसत असेल.

आमच्या रीतीत बसत नाही. माझा बाप शिडाच्या होडीवर होता. बर्फ कुणाच्या होडीत नव्हता. भरून येणारी होडी वेळेत धक्क्याला लागली नाही तर मासळी नासायची. म्हणून रिकाम्या होडीनं भरलेल्या होडीला वाऱ्याच्या अंगानं, म्हणजे वारा येतो त्या बाजूनं, ओलांडायचं नाही. खालच्या अंगानं, लांबून जायचं. तिच्या आडोशानं आपलं शीड फडफडलं तर फडफडू द्यायचं. ही रीत मोडणाऱ्याच्या घरी हळदीला गावातली बाई पाय ठेवायची नाही. इंजिनं आली, मग बॅटरीच्या होड्या आल्या, आणि रीतीची कुणाला गरज राहिली नाही. पण माझ्या नाती रोज क्लबात शिडावरच जायच्या आणि शिडावरच परत यायच्या. येताना दोघींचं सामान, ओले कपडे, पाण्याचे कॅन, नांगर, सगळं थोरलीच्या होडीत. म्हणून आर्वीला मी लहानपणीच सांगून ठेवलं होतं: ताईला खालून ओलांडायचं. आणि ती खालूनच ओलांडायची.

निवडीच्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जुईली माझ्याजवळ येऊन बसली. देशाच्या संघात एकीलाच जागा होती. शर्यतीमागून शर्यती झाल्या होत्या आणि वर या दोघीच उरल्या होत्या, जुईली जरा पुढं, आर्वी तिच्या पाठीला लागून.

“बय.”

“बोल.”

“कोच म्हणतात, उद्या मला जिंकायची गरजच नाही. आर्वीला नुसतं मागं ठेवायचं. प्रत्येकीची एक वाईट शर्यत धरत नाहीत. आर्वीची सवलत वापरून झालीये, माझी शिल्लक आहे. मी शेवटून पहिली आले तरी मला धक्का नाही. ती मागं राहिली की मी गेले संघात.”

“आणि ती मागं कशी राहणार? पाय ओढणार तिचे?”

“तिच्या वाऱ्याच्या अंगाला बसायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. यंत्रात उद्याची शर्यत पुन्हा पुन्हा चालवून बघितली, बय. एकदाही सुटली नाही ती.”

“मग यंत्रालाच पाठव की देशाकडून. जेवायलाही मागत नाही.”

“टोमणे नको गो. माझा गुडघा दोनदा कापून झालाय. पुढच्या निवडीला हा पाय होडीत वाकणार नाही. ती एकोणीस वर्षांची आहे. रीत काय म्हणते ते सांग.”

“रीत भरल्या होडीची आहे. शर्यतीत दोघी रिकाम्या.”

“मग दोन रिकाम्या होड्यांची रीत काय?”

ती मला बापानं सांगितली नव्हती. त्याच्या काळी रिकाम्या होडीला एवढी घाईच नव्हती.

“आर्वीला सांगितलंस?” मी विचारलं.

“नाही.”

“मग सांग. पाठीमागं केलंस तर चोरी. तोंडावर सांगून केलंस तर शर्यत. यापुढचं मला विचारू नको, मी दमले. सुकाणू तुझ्या हातात आहे.”

जेवताना तिनं सांगितलं. “आर्वी, उद्या मी तुझा वारा काढणार.”

आर्वी माशाचा काटा काढत होती. “ठाऊक आहे. माझ्याही चष्म्यात दाखवलं.”

“काय दाखवलं?”

“सुटका नाही, म्हणून. तांबड्या अक्षरात.”

“मग येणार नाहीस?”

“येणार तर! आणि तू जिथं वळशील ना, तिथं तू वळायलाच नको होतं असं सगळ्या क्लबासमोर ओरडून सांगणार.”

“पोरींनो, जेवताना तरी...” काशिनाथ म्हणाला.

“तू गप रे,” मी त्याला म्हटलं. “किती महिन्यांनी बोलतायत.”

दुसऱ्या दिवशी क्लबाच्या वाळूवर अनुरागनं मला खुर्ची दिली आणि एक जादा चष्मा दिला. तोवर मी तो कधी डोळ्यांना लावला नव्हता. हट्टच म्हणा. लावला, आणि सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा वारा बघितला.

ज्याच्यावर बाप जगला, नवरा जगला, ज्यानं एकदा माझा धाकटा भाऊ परत दिला नाही, तो हा. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी पाण्यावरून सरकत होता, बाई लुगडं झटकून वाळत घालते तसा. मतलई नुकतीच मेली होती. समुद्राच्या बाजूनं खारा वारा आत येत होता, कडेला दाट निळा, पुढं विरत गेलेला. मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी अनुरागला म्हटलं, “चष्म्याची काच पुसत जा रे. घाण आहे.”

भोंगा वाजला. होड्या सुटल्या. बाकीच्या सगळ्या एका निळ्या पट्ट्याकडे धावल्या, आणि माझ्या दोघी एका बाजूला राहिल्या. जुईलीच्या शिडामागं करडं शेपूट पसरलं होतं, आणि त्या शेपटाचं टोक नेमकं आर्वीच्या शिडावर. आर्वी डावीकडं वळली, शेपूट वळलं. उजवीकडं वळली, शेपूट आधीच तिथं जाऊन पडलं होतं. तिनं वळायचं नुसतं नाटक केलं आणि सरळ राहिली; यंत्राला तेही ठाऊक होतं. जुईली चांगली चालवत होती. फार चांगली चालवत होती. मी शिकवलेला हात होता तो.

मग आर्वीनं शिडाची दोरी सोडून दिली. शीड लटकलं, होडी उभी राहिली. जुईलीलाही थांबावं लागलं, नाहीतर शेपूट पुढं गेलं असतं. भर शर्यतीत दोन होड्या हाकेच्या अंतरावर नुसत्या उभ्या, आणि बाकीच्या बिंदूएवढ्या लांब गेलेल्या.

वाळूवर लोक हसायला लागले. कोच दुर्बीण घेऊन धावत आले. “हे काय चाललंय?”

“बोलतायत,” मी म्हटलं.

“शर्यतीत?”

“घरी बोलायला तुमच्या यंत्रानं काही ठेवलंय का?”

काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. आर्वीचे हात हलत होते. जुईलीचे हलत नव्हते. मग आर्वीचेही थांबले. तिनं दोरी ओढली, शेपटातून रखडत रखडत होडी पुढं काढली, आणि दोघी तशाच, एकीवर एकीची सावली घेऊन, सगळ्यांच्या शेवटी आल्या. जुईलीचं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तांडेलांचं नाव देशाच्या संघात गेलं होतं, हात आखडायला मी काय परकी?

आर्वी होडी ओढत वाळूवर आली.

“काय बोलत होतीस गो तिला?” मी विचारलं.

“शिव्या देत होते.”

“मग थांबलीस का?”

“संपल्या.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. पेपरवाल्यानं तिला विचारलं, बहिणीनंच वारा अडवला, कसं वाटतं? ती म्हणाली, “तुमचा फोन पाण्यात पडेल, मागं सरा.” मग रोजच्यासारखं तिनं दोघींचं सामान उचललं, जुईलीच्या होडीत ठेवलं आणि आपली होडी पाण्यात लोटायला लागली.

अनुरागनं मला गाडीनं गावात सोडलं. चष्मा माझ्या कपाळावरच राहिला होता. पोरगा परत न्यायला विसरला, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे.

मी धक्क्यावर जाऊन बसले. ऊन उतरलं होतं. दिवसभराचा खारा वारा दमून आला होता माझ्यासारखाच. दोघी किनाऱ्याला धरून येत होत्या, समुद्र त्यांच्या एका अंगाला आणि आमचा धक्का दुसऱ्या अंगाला. जुईली पुढं, सामानानं होडी खाली बसलेली. आर्वी मागून येत होती, रिकामी, हलकी, भराभर अंतर कापत.

मी चष्मा खाली ओढला.

खाडीच्या तोंडावरचा सगळा वारा करडा होत चालला होता. समुद्राकडून एकच निळी चिंधी येत होती, शेवटची. मागं काही नव्हतं. एका होडीला धक्क्यापर्यंत आणील एवढीच. दोघींच्याही डोळ्यांवर चष्मे होते. मला जे दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं.

आर्वी समुद्राच्या अंगाला होती. आहे तशी सरळ आली असती तर चिंधी तिच्या शिडात शिरली असती, आणि तिचं करडं शेपूट जुईलीवर पडलं असतं. सकाळची परतफेड झाली असती, तीही घराच्या दारात, बयच्या डोळ्यांदेखत. मी मनात म्हटलं, केलीस तरी मी काही बोलणार नाही गो. खरंच बोलले नसते.

आर्वीच्या होडीचं नाक हललं. जुईलीच्या मागून ती खाली उतरली, किनाऱ्याच्या अंगाला, लांबून. तिचं शीड करड्यात शिरलं आणि फडफडलं. तिनं फडफडू दिलं.

आता चिंधी जुईलीची होती. भरलेली होडी तिची, रीत तिच्या बाजूनं. तिनं मान वळवून आर्वीकडे बघितलं. चिंधी तिच्या शिडाला लागली, शीड फुगलं, आणि मग पोरीनं हातातली दोरी सोडून दिली. शीड पडलं. मागचं करडं शेपूट विरघळलं. निळा वारा तिला ओलांडून सरळ आर्वीकडे गेला.

“ओढ,” मी धक्क्यावरून पुटपुटले. “ओढ गो दोरी, तुला दिलाय.”

आर्वीनं ओढली नाही. सुकाणू सोडून ती हात गुडघ्यावर ठेवून बसली. दोघी बसल्या, दोन होड्या, दोन लोंबती शिडं. पाण्यावरून आवाज आला, आर्वीचा, चढा: “ताई, तू इथं थांबायलाच नको होतं!” आणि जुईलीचं काहीतरी उत्तर, तितकंच चढं. मग दोघीही एकदम बोलायला लागल्या.

चिंधी त्यांच्यामधून निघून आली. मी चष्मा काढला. रंग गेले, नुसतं पाणी राहिलं, संध्याकाळचं, मळकट. जरा वेळानं माझा पदर खांद्यावरून उडाला. मी तो खोचला नाही. वारा जाईपर्यंत तसाच उडू दिला.

मग उठले. गुडघे धरून उठावं लागतं आता.

“काशिनाथ! ए काशिनाथ! बॅटरीची होडी काढ. दोन शहाण्या मध्येच बसल्यात भांडत, ओढून आण त्यांना. आणि भाकऱ्या जास्त टाकायला सांग.”